मेश्राम सरांची रिकामी जागा

मेश्राम सरांची शोकसभा आमच्या महाविद्यालयाच्या छोट्या सभागृहात झाली. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. प्राचार्यांनी सरांना ऋषितुल्य म्हटले, उपप्राचार्यांनी अजातशत्रू म्हटले, आणि सरांशी वर्षानुवर्षे नमस्कारापलीकडे न गेलेल्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी त्यांना महाविद्यालयाचा आत्मा म्हटले. प्रत्येक शब्दाबरोबर मला सरांचा शांत, किंचित घोगरा आवाज ऐकू येत होता. ‘‘हे आपण पाहिलंत, ऐकलंत, की नुसतं म्हणताय?’’ माझे नाव पुकारले गेले तेव्हा मी माइकपाशी गेलो आणि मला आज बोलता येणार नाही एवढेच सांगून परत येऊन बसलो. सभेला ते दुःख वाटले. दुःख होतेच, पण धास्ती अधिक होती. सरांच्या नावापुढे एखादा न तपासलेला शब्द माझ्याही तोंडून जाईल, अशी धास्ती.

जे मी पाहिले तेवढेच इथे लिहितो. जे ऐकले, ते कुणाकडून ऐकले हे सांगून लिहितो.

गेल्या हिवाळ्यात सर धायरीच्या आपल्या घरी झोपेतच गेले. दाराबाहेरच्या लोखंडी ग्रिलला आतून कुलूप होते. ते कापून शेजाऱ्यांना आत जावे लागले. सोसायटीचे अध्यक्ष मला फोनवर म्हणाले की जन्मभर या माणसाने कुलूप लावले नाही आणि शेवटी आमच्यावर कुलूप तोडायची वेळ आणली. त्यांनी ते गमतीने म्हटले नव्हते. पण त्या कुलपाशी माझा काही संबंध आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

नामदेव मेश्राम भंडाऱ्याकडचे. पुण्यात आले ते तर्कशास्त्र शिकवायला, आणि तेच शिकवत निवृत्त झाले. मी मराठीचा. सदाशिव पेठेतल्या आमच्या महाविद्यालयात जागेची टंचाई कायमची, त्यामुळे तर्कशास्त्र आणि मराठी या दोन्ही विभागांना मिळून एक खोली, एक कपाट आणि समोरासमोर दोन टेबले होती. मी व्याकरणाच्या तासाला उद्देश्य आणि विधेय शिकवायचो. ज्याच्याविषयी बोलायचे ते उद्देश्य, जे बोलायचे ते विधेय. एक वाक्य घ्यायचे, मधे उभी रेघ मारायची, संपले. माझा तो तास सरांनी एकदा व्हरांड्यातून ऐकला आणि मी खोलीत आल्यावर विचारले, ‘‘लिमये, रेघ मारल्यावर उजवीकडच्या भागाचं पुढं काय करता?’’

मी म्हटले, काही नाही, परीक्षेत दोन गुण मिळतात.

त्यांनी मला त्यांच्या तासाला येऊन बसायला सांगितले. मी गेलो. त्यांनी फळ्यावर लिहिले: ‘— पुण्यात राहतो.’ नावाच्या जागी एक आडवी रेघ, आणि ती जागा त्यांनी डस्टरने मुद्दाम घासून स्वच्छ केली. मग मुलांना म्हणाले, ‘‘वाक्यातून माणूस काढून घ्या. जे उरतं ते विधेय. आता या जागेत एकेक जण येऊन उभा राहा, आणि वाक्य खरं होतंय का बघा.’’ मुले एकेक करून येत, रेघेवर आपले नाव लिहीत, पुसत, परत जात. सोलापूरचा एक मुलगा वसतिगृहात राहत असे. तो खडू हातात घेऊन थांबला. ‘‘सर, मी राहतो का इथं?’’ वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, ‘‘तू थांबलास ते बरं केलंस. बाकीच्यांनी न थांबता लिहिलं.’’

ही रिकामी जागा हेच त्यांचे सगळे तर्कशास्त्र होते. विधेय म्हणजे एक दार आहे, असे ते सांगत. नाव त्यातून आत जाते, आणि वाक्य खरे किंवा खोटे होते. नाव आत ढकलायचे काम बोलणाऱ्याचे, म्हणून जबाबदारीही त्याचीच.

स्टाफरूममध्ये त्यांच्या बोलण्याची चेष्टा होई. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत, पण थकले की किंवा मनातले बोलू लागले की भंडाऱ्याची भाषा वर येई. ‘येऊन राहिलो’, ‘जेवून राहिला’. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी एकदा चहा ढवळत विचारले की तर्क एवढा शुद्ध आणि मराठी अशी, हे कसे जमते. सर म्हणाले, ‘‘बाई, आपल्या ‘वाट पाहतो’मधून कळत नाही की आत्ता पाहतो की रोज पाहतो.’’

‘‘मग ‘पाहतोय’ म्हणा.’’

‘‘‘पाहतोय’मधून आत्ताचं कळतं. ‘पाहून राहिलो’ म्हणजे पाहणं सुरू झालं आणि ते थांबलं नाही. आमच्याकडे त्याला वेगळं वाक्य लागतं, कारण आमच्याकडे लोकांनी वाट फार पाहिली.’’ बाईंनी चमचा बशीत ठेवला.

एक प्रसंग माझ्या वाट्याचा. आमच्या मजल्यावरचा शिपाई दोन दिवस उशिरा आला होता, आणि मी सहज म्हणालो की तो दारुडा आहे. सरांनी पेपर तपासणे थांबवले. त्याला पिताना पाहिले का, म्हणून विचारले. मी म्हणालो, वास आला. ‘‘कधी?’’ काल. ‘‘मग ‘काल त्याच्या तोंडाला वास आला’ एवढं म्हणा. ते खरं आहे, आणि कालपुरतं आहे. ‘दारुडा आहे’ म्हटलं की तो उद्याही दारुडा, परवाही दारुडा. त्यानं सोडली तरी तुमचं वाक्य सोडणार नाही.’’

मी थोडा चिडून म्हणालो की एवढा विचार करायचा तर माणसाने बोलायचेच नाही का. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या वडिलांविषयी जे सांगितले ते पुन्हा कधी सांगितले नाही. गावात वडिलांच्या नावापुढे लोक एकच विधेय लावत, जातीचे. ते चांगले शिवणकाम करीत, त्यांना गळा होता, पाऊस कधी येणार हे त्यांना वाऱ्यावरून कळे. त्यातले काहीच नावापुढे येत नसे. पहिला शब्द लावला की लोकांच्या दृष्टीने वाक्य पूर्ण होई. दीक्षा घेतली त्या दिवशी वडील घरी येऊन आईला म्हणाले होते की आज मी नावापुढची जागा पुसून आलो. ‘‘मी तर्कशास्त्र तिथं शिकलो,’’ सर म्हणाले, आणि पुन्हा पेपर ओढून घेतले.

त्या दिवसापासून मी माणसांविषयी जपून बोलू लागलो, असे लिहायला मला आवडले असते. ते खरे नाही. मी सरांसमोर जपून बोलू लागलो.

सरांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना त्यांचा मुलगा राहुल नाहीसा झाला. तो हिंजवडीला एका कंपनीत कामाला होता. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. काही महिने तो घरात फार गप्प असे, एवढेच नंतर कळले. एका सकाळी नेहमीसारखा निघाला. त्याची मोटरसायकल स्वारगेटच्या एसटी स्थानकाबाहेर उभी सापडली. फोन बंद झाला तो बंदच राहिला. घराची किल्ली मात्र त्याने नेली नव्हती. ती दारामागच्या खिळ्याला अडकवलेली होती.

पोलिसांत तक्रार झाली, फोटो लागले, नातलग गावोगाव जाऊन आले. राहुलची आई त्याच वर्षी खंगून गेली. घरात सर आणि सून स्नेहल अशी दोघेच उरली. स्नेहल एका प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करी. माहेरच्यांनी परत बोलावले, पण ती गेली नाही. सासऱ्यांना ती बाबा म्हणे, आणि लेकीच्या हक्काने त्यांच्यावर रागवेही.

सर वर्गात शिकवत राहिले. फक्त एक उदाहरण त्यांनी गाळले. तर्कशास्त्रात ते सगळ्यांत जुने: सर्व माणसे मर्त्य आहेत, अमुक माणूस आहे, म्हणून अमुक मर्त्य आहे. दरवर्षी त्या ‘अमुक’च्या जागी ते स्वतःचे नाव घालीत आणि मुले हसत. त्या वर्षी त्यांनी पक्षी आणि पंख घेतले. गाइड वाचून आलेल्या एका मुलीने विचारले की सर, मर्त्यवालं नाही का घेणार. तिला काही माहीत नव्हते. सर फळ्याकडे पाहत म्हणाले, ‘‘मर्त्य हे विधेय सगळ्यांना लागू आहे, त्यात शिकण्यासारखं काही नाही. मृत हे एकेकाला लागतं, आणि तेही कुणीतरी पाहिल्यावर.’’ मग तास सोडून दिला. हे मला त्या मुलीनेच सांगितले, आपले काय चुकले म्हणून विचारायला आली होती तेव्हा.

मी त्यांच्या घरी जाऊ लागलो तो निवृत्तीनंतर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिना वाजला की सगळ्या मजल्यांना ऐकू येई. सर दाराकडे तोंड करून बसत. बोलता बोलता पावले वाजली की त्यांचे वाक्य थांबे, मान दाराकडे वळे, पावले दुसऱ्या दारापाशी थांबली किंवा वर निघून गेली की वाक्य जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होई. रात्री ग्रिलला ते नुसती कडी लावत, हात घालून बाहेरून उघडता येईल अशी. अध्यक्षांनी एकदा जिन्यातच गाठून विचारले होते, ‘‘सर, चोरांची सोय करता का?’’ सरांनी शांतपणे उत्तर दिले, ‘‘चोर येईल ही शक्यता आहे. त्याच्याकडे किल्ली नाही ही वस्तुस्थिती आहे.’’ त्याच्याकडे म्हणजे कुणाकडे, हे अध्यक्षांनी विचारले नाही. पुणेकरालाही कुठे थांबावे ते कधीकधी कळते.

राहुलविषयी त्या घरात वाक्यच होत नसे. ‘राहुलला वांगं आवडतं’ म्हणावे की ‘आवडायचं’? सर ‘राहुल’ म्हणत आणि थांबत. नावापुढे काय लावावे हे ज्याने आयुष्यभर शिकवले त्यालाच या नावापुढे काही सुचत नव्हते.

सात वर्षे उलटली आणि एका दुपारी स्नेहल मला महाविद्यालयात भेटायला आली. आमच्या खोलीत ती सरांच्या जुन्या खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, ‘‘काका, बाबा तुमचं ऐकतात.’’ तिच्या प्रयोगशाळेतला एक सहकारी तिच्याशी लग्न करू इच्छित होता आणि तिलाही ते हवे होते. हे तिने बाबांना सांगितले होते. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. अडचण पुढची होती. सात वर्षे ज्याची खबर नाही, आणि जिवंत असता तर ज्यांना ती लागली असती त्यांनाही ती लागलेली नाही, अशा माणसाला न्यायालय मृत मानू शकते. तिने तसा दावा केला होता. तिच्या वकिलांचे म्हणणे असे की वडिलांची साक्ष सगळ्यांत मोलाची, पण वडीलच मुलाची वाट पाहत आहेत असे न्यायाधीशांपुढे आले तर दावा डळमळेल.

‘‘कामावर नवीन कुणी आलं की नवऱ्याचं नाव विचारतात. नाव सांगते. मग विचारतात, काय करतात?’’ ती म्हणाली. ‘‘तिथं मी सात वर्षं गप्प बसते, काका. मला आता पुढं काहीतरी बोलायचंय.’’

त्या रविवारी मी धायरीला गेलो. सरांनी वकिलांचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. त्यात एक वाक्य होते की माझा मुलगा मयत झाला आहे असा माझा विश्वास आहे. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती.

‘‘लिमये, माझा तसा विश्वास नाही. उलटही नाही. शपथेवर काय सांगू?’’

‘‘स्नेहलचं काय, सर?’’

‘‘तिचं खरं आहे. तिचं सगळं खरं आहे.’’ त्यांनी मसुदा पुन्हा जवळ ओढला. ‘‘माझ्या एका शब्दासाठी पोरीचं आयुष्य अडून राहिलं, हे मला दिसत नाही का? पण तो शब्द मी लावला, आणि खालून पावलं वाजली तर? मी बापानं त्याच्या नावापुढं तो लावलेला असेल.’’

तेव्हा मला ते सुचले. मी ते कसे म्हणालो ते मला नीट आठवते, कारण म्हणताना मला आनंद झाला होता. सरांच्याच विद्येने सरांची गाठ सोडवतो आहोत, असा. मी म्हणालो, ‘‘सर, राहुलविषयी काही म्हणूच नका. उद्देश्य बदला. ‘मी त्याची वाट पाहत नाही’ एवढंच सांगा. ते विधान तुमच्याविषयी आहे. वकिलांची अडचण तुमच्या वाट पाहण्याचीच आहे, कोर्टाला तेवढं पुरेल.’’

सरांनी मसुदा बाजूला ठेवला. ‘‘ते खोटं आहे.’’

‘‘आज खोटं आहे, सर.’’

‘‘आज,’’ ते म्हणाले. एवढा एकच शब्द. मी मनातल्या मनात जिंकलो होतो. चहा पिऊन घरी आलो आणि स्नेहलला फोन करून सांगितले की बाबा तयार होतील.

मला वाटले होते की ते वाक्य ते म्हणतील, जसे आपण सगळेच प्रसंगी एखादे वाक्य म्हणतो. म्हणण्यापूर्वी ते खरे करून घेतील, हे माझ्या ध्यानात आले नाही. त्यांना इतकी वर्षे ओळखूनही आले नाही.

पुढचे मला स्नेहलने सांगितले. दुसऱ्या दिवशी सरांनी दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि खिळाही उपटून टाकला. राहुलला नंबर पाठ होता म्हणून घरचा जुना फोन त्यांनी चालू ठेवला होता, तो बंद करून आले. मोटरसायकल इतकी वर्षे खाली झाकून ठेवलेली होती आणि दर रविवारी ते ती सुरू करून पाहत. ती गॅरेजवाल्याला देऊन टाकली. तो तिला ढकलत नेत असताना ते गॅलरीत आले नाहीत. मग ग्रिलला कुलूप आणले. पहिल्या रात्री लावले, आणि स्नेहलला आतल्या खोलीतून ऐकू आले की ते उघडले. थोड्या वेळाने पुन्हा लावले. असे बरेच दिवस चालले. ती म्हणाली, ‘‘काका, मी एकदा उठून सांगितलं, बाबा, नका करू, मला नको तो दावा. तर म्हणाले, झोप बेटा, माझा अभ्यास चालू आहे.’’

शेवटी त्यांनी खुर्ची फिरवली. दाराकडे पाठ, खिडकीकडे तोंड.

मी त्या काळात एकदाच गेलो. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, ‘‘बाकी सगळं जमलं, लिमये. कानांचं अजून जमत नाही.’’ त्या वेळी तरी मी म्हणायला हवे होते की सर, हे थांबवा, वाक्य नुसते म्हणा, कोर्टाला पुरेल. ते माझ्या ओठांवर आले होते. पण त्या माणसासमोर तसे म्हणणे म्हणजे त्यांना खोटी साक्ष द्यायला सांगणे, आणि तेवढे धैर्य माझ्यात नव्हते. तेवढे प्रेमही नव्हते, असे आता वाटते.

शिवाजीनगरच्या न्यायालयात साक्ष झाली तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. न्यायाधीश बाई तरुण होत्या, आवाज मृदू. त्यांनी मसुदा वाचला. मयत हा शब्द त्यात आता नव्हता. त्यांनी सरांना विचारले की मुलगा हयात आहे असे आपल्याला वाटते का. सर म्हणाले, ‘‘माहीत नाही.’’ त्याची काही खबर, निरोप, फोन? ‘‘नाही.’’ मग बाईंनी कागदावरून नजर उचलली आणि विचारले, ‘‘आपण त्याची वाट पाहता का?’’

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी कुणाचे तरी नाव पुकारत होते. सरांनी कठड्यावरचे हात खाली घेतले.

‘‘नाही पाहून राहिलो, साहेब.’’

कारकुनाने ते शुद्ध मराठीत टंकले.

बाहेर आल्यावर सरांनी पाणी मागितले. व्हरांड्यातल्या बाकावर बसून अर्धी बाटली प्यायले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘‘खरं होतं ना, लिमये?’’

मी म्हणालो, ‘‘हो, सर.’’ मी काही तपासले नव्हते.

निकाल स्नेहलच्या बाजूने लागला. तिचे लग्न नोंदणी पद्धतीने झाले, आणि साक्षीदार म्हणून सरांनी सही केली. सही करताना ते थोडे हसले. ‘‘हे मी पाहिलं,’’ म्हणाले. ‘‘हे पूर्ण डोळ्यांनी पाहिलं.’’ स्नेहल आता सुखात आहे. हे मी तिच्याकडून ऐकले आहे, आणि दर महिन्याला ती धायरीला यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पाहिलेही आहे. पुढे ती बाळाला घेऊन आली तेव्हा त्याचे नाव ठेवायलाही तिने सरांनाच सांगितले होते. त्यामुळे मी केले ते वाईट झाले असे मला म्हणता येत नाही. चांगले झाले असेही नाही. दोन्ही वाक्यांच्या आरंभी माझेच नाव आहे, आणि ते पुसता येत नाही.

शेवटचे मी त्यांना पाहिले ते दिवाळी नुकतीच संपली असताना, एका दुपारी. त्यांनी कुलूप काढून मला आत घेतले आणि ते पुन्हा लावले. ते खिडकीकडे तोंड करून बसले, मी त्यांच्यासमोर, म्हणजे दाराकडे तोंड करून. अंगावर जुना स्वेटर होता, गळ्याशी सैल झालेला. आम्ही माझ्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाविषयी बोलत होतो. सर म्हणत होते, ‘‘त्याला सांगा की विधेय निवडताना आधी...’’

खाली जिन्यात पावले वाजली.

सरांचे वाक्य थांबले. मान वळली नाही. खांदेही हलले नाहीत. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर जसे होते तसेच राहिले, फक्त बोटे आवळली गेली. पावले दुसऱ्या मजल्यावर आली, वळली, आमच्या मजल्यावर चढू लागली. सर दाराकडे पाहत नव्हते. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, एकटक, पापणी न हलवता, कारण माझ्या चेहऱ्याला दार दिसत होते.

ग्रिलबाहेरून खांद्यावर पाण्याचा जार घेतलेला एक माणूस वर निघून गेला.

‘‘पाणीवाला आहे, सर,’’ मी म्हणालो.

‘‘मी विचारलं नाही, लिमये,’’ सर म्हणाले, आणि थांबलेले वाक्य पुढे सुरू केले.